दोर्देईला दिलेला गुलाब

खाडीकाठच्या हौगेविक गावात कुणी कुणाची तोंडावर स्तुती करत नाही. केलीच, तर ऐकणाऱ्याला वाटतं, ह्याला माझी होडी उसनी पाहिजे. फार म्हणजे फारच झालं तर "वाईट न्हाई" म्हणायचं आणि लगेच वाऱ्यापावसाकडे वळायचं. योरुन हेल्ले अकरा हिवाळे दोर्देईच्या स्वयंपाकघरात बसून शिवण शिकली. एवढ्या काळात दोर्देई तिला एकदाच "वाईट न्हाई" म्हणाली, सहाव्या वर्षी, एका काजावरून. ती तारीख योरुनने कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. नवऱ्याने विचारलं तर सांगते, मांजराला लस टोचली तो दिवस.

शिवणाकडे योरुन काही हौसेने गेली नव्हती. तिची सव्वीस वर्षं मासळीच्या कारखान्यात गेली. पायात रबरी बूट, डोक्याला जाळी आणि पुढ्यात पट्ट्यावरून सरकत येणारे सॅमन मासे. काटा कुठे दडलाय ते तिच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचं. चाळिशी उलटल्यावर एका एप्रिलात तिने सतरा मेच्या, म्हणजे राष्ट्रदिनाच्या, मिरवणुकीसाठी आपला बुनाड काढला, अंगात घातला, आणि पोटावरच्या हुकात नि कडीत चार बोटांचं अंतर राहिलं.

आता बुनाड ही काही साधी गोष्ट नाही. काळ्या लोकरीचा घागरा, भरतकामाची बंडी, चांदीची बटणं. पोर पंधरा वर्षांची झाली की एकदाच शिवायचा आणि मग सणाला, लग्नाला, मयताला जन्मभर तोच घालायचा. पंधराव्या वर्षीचं अंग जन्मभर टिकत नाही, हे हौगेविकात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाही मान्य नाही. आमच्याकडे बायका जाड होत नाहीत. बुनाड कपाटात आखडतो.

तर आखडलेला बुनाड पिशवीत घालून, वर चार बटाटे पसरून, योरुन दोर्देई होल्मेच्या मागच्या दाराने आत गेली. दोर्देईने टेप लावला. मग बंडीची कुशीची शिवण उसवली, तर आत दुमडून ठेवलेलं तीन बोटं कापड निघालं. सत्तावीस वर्षांपूर्वी तिनेच ठेवलेली माया.

"चार बोटं लागत्यात ना गं?" योरुनने घाबरत विचारलं.

"तीन हायती. चौथ्या बोटाला श्वास कमी घे."

ते काम बघत योरुन तिथेच बसून राहिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. मग जातच राहिली.

गेल्या वर्षी कारखान्यात काटे काढणारं यंत्र आलं. ते न थकता, न बोलता काम करायचं, म्हणजे योरुनसारखंच. फक्त त्याला पेन्शन द्यावी लागत नव्हती. त्रेपन्नाव्या वर्षी हातात निरोपाच्या फुलांचा गुच्छ घेऊन ती घरी आली. धक्क्यावरचं न्हाव्याचं जुनं दुकान तिने भाड्याने घेतलं आणि वर पाटी लावली: "बुनाड शिवून व दुरुस्त करून मिळतील." जागा झकास होती. समोर माणसाच्या उंचीचं काचेचं दार, आणि दारासमोरच फेरीबोटीची वाट बघत उभ्या राहणाऱ्या गाड्यांची रांग. गाव येता-जाता बघणार!

गाव बघत होतं. आत कुणी येत नव्हतं. चार महिन्यांत कामं आली ती दोन विजारींच्या चेनी आणि एका कुत्र्याचा रेनकोट. दोर्देई एकदा येऊन गेली. तिने शिवणयंत्रावरून हात फिरवला, टेबल हलवून बघितलं, काचेच्या दाराकडे पाहिलं.

"मागं काय हाय?"

"भिंत हाय."

"हं," म्हणाली आणि काठी टेकत गेली. पडद्याचा रंग तिला आवडला नसणार असं वाटून योरुनने तो दुसऱ्या दिवशी बदलला.

मार्चात दोर्देईने चर्चच्या गायनमंडळात सांगून टाकलं, की आता एक्क्याऐंशी झाली, डोळ्यांना काळ्यावर काळा दोरा दिसत नाही, हा मे शेवटचा. बायका "अगं बाई" म्हणाल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यात एकच गोष्ट आली: वही. निळ्या मेणकापडाच्या कव्हराची ती वही साठ वर्षांची होती. गावातल्या प्रत्येक बाईची मापं तीत होती, पंधराव्या वर्षापासून आजपर्यंतची. ती वही जिच्या हातात जाईल तिच्याकडे गाव जाणार, हे उघड होतं. खाडीपलीकडे बुनाड शिवणाऱ्या आन्ने-लिस्बेतने तर लगेच दोर्देईला ऑर्किडची कुंडी पाठवली. तिच्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रं टांगलेली आहेत, काचेसकट.

योरुनला काय पाठवावं ते सुचेना. वही मिळाली नाही तर जूनमध्ये दुकानाची पाटी उतरवायची आणि शाळेत फरशा पुसायला जायचं, एवढं मात्र तिने मनाशी ठरवलं होतं.

मग ओस्लोहून सुनेचा फोन आला. तिरिल मोठ्या कंपनीत माणसं माणसांना जोडण्याचं काम करते. म्हणजे नक्की काय करते ते योरुनला अजून कळलेलं नाही.

"योरुन, तू तिला कधी थँक्यू म्हणालीस का?"

"म्हंजे? अकरा वरसं कॉफीचं कप धुतले की मी."

"ते नाही गं! चारचौघांत, जाहीरपणे. ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांचे उघड आभार मानायचे. त्यांना बरं वाटतं, लोकांना कळतं की तू कुणाच्या हाताखाली तयार झालीस. धंद्यातली नाती अशीच जुळतात. आम्ही तर दर शुक्रवारी करतो."

"दर शुक्रवारी? तुमास्नी कामं न्हाईत व्हय?"

"तुमच्या पेपरात ते 'आजचा गुलाब' येतं ना? त्यात लिही. आणि हे बघ, 'मनापासून आभार' असलं पुळचट लिहू नकोस. नेमकं काय शिकलीस ते लिही. आकडा दे. आकड्यावर लोकांचा विश्वास बसतो."

खाडीच्या पेपरात शेवटच्या पानावर एक गुलाबाचं चित्र असतं आणि त्याखाली कुणी कुणाचे तरी आभार मानलेले असतात. दारातला बर्फ काढून दिल्याबद्दल, हरवलेली कवळी परत केल्याबद्दल. योरुनने दोन संध्याकाळ खर्ची घालून मजकूर लिहिला. नवरा स्वेर्रे फेरीवर दोरखंड टाकायचं काम करतो. त्याला तिने तो वाचून दाखवला.

"लई लांब झालं," तो म्हणाला.

"पर खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय. म्हनूनच म्हनतो, लई लांब झालं."

तिने ऐकलं नाही. गुरुवारी पेपरात आलं ते असं:

"आजचा गुलाब माझी गुरू दोर्देई होल्मे हिला. मला जे येतं ते सगळं तिच्यामुळे. शिवणीत तीन बोटं माया ठेवायला तिने मला शिकवलं, कारण बाई चाळिशीनंतर कुठे वाढेल ते सांगता येत नाही. दर एप्रिलात आपल्या गावच्या निदान चाळीस बायका मागच्या दाराने येतात, आणि दोर्देई त्यांचे बुनाड सैल करून देते, पण ह्या कानाचं त्या कानाला कळू देत नाही. तोंड बंद कसं ठेवावं हेही मी तिच्याकडूनच शिकले. योरुन हेल्ले, बुनाड शिवणकाम, फेरीधक्का."

हौगेविकात बुनाडवाल्या बायका सगळ्या मिळून सत्तर.

सकाळी नऊच्या फेरीवर पुरुषांनी हिशेब मांडला. "सत्तरात चाळीस म्हंजे निम्म्याहून जास्त," ट्रकवाला म्हणाला. "आनी माझी बायको तर दर साली म्हनती, कपाटाला ओल लागलीय म्हनून आखडतोय. दोनदा कपाट बदललं मी!" सगळे पोट धरून हसले, आणि मग एकेक जण गप्प झाला, कारण प्रत्येकाला आपापलं कपाट आठवलं. दुपारपर्यंत गावातल्या अर्ध्या घरांत कोण ना कोण रुसून बसलं होतं.

योरुन दूध आणायला दुकानात गेली. गल्ल्यावर हिल्दुर होती. तिच्या घरी कोंबड्या आहेत आणि जिभेला काटे. इतर वेळी ती दुधाच्या पिशवीवरही पाच मिनिटं बोलते. आज पिशवी तिने योरुनकडे न बघता सरकवली.

"मी आपली सांगून ठिवते," ती छताकडे बघत म्हणाली, "मी दोर्देईच्या मागल्या दारानं जाते ती अंडी द्यायला."

"मी कुटं काय म्हनलं?"

"दर एप्रिलात. अंडी."

मागे उभी असलेली पाद्रीबाई घाईघाईने म्हणाली, की ती जाते गाण्याच्या वह्या द्यायला. तिच्या मागची म्हणाली, मुरंबा. योरुन दूध घेऊन बाहेर पडली. सव्वीस वर्षं तिने माशातला एक काटा मागे राहू दिला नव्हता, आणि इथे अख्ख्या गावाच्या घशात एक अडकवून बसली होती. तोही कुणाच्या नावाने, तर जिने साठ वर्षं गावाचं पोट झाकलं तिच्या!

दोर्देईला फोन करायचं तिचं धाडस होईना. शुक्रवारी तिकडूनच फोन आला.

"मंगळवारी गायनाला ये," दोर्देई म्हणाली. "पेपरात नाव आलंय, तवा केक आनायला पायजे मला. टेप घिऊन ये."

"दोर्देई, मी आसं..."

पण फोन ठेवला गेला होता.

आमच्याकडे पेपरात ज्याचं नाव येतं त्याने सगळ्यांना केक द्यायचा असतो. गुलाब असो की दारू पिऊन गाडी चालवल्याचा दंड असो, केक चुकत नाही. म्हणजे तिने आपल्या गुरूला भेट काय दिली, तर एक बदनामी आणि बावीस बायकांचा केक. योरुन चार दिवस झोपेतही मजकूर खोडत राहिली. तिरिलचा मेसेज आला, "कसा प्रतिसाद आहे?" त्याला तिने उत्तर दिलं, "सगळं गाव बोलतंय." ते खोटं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या दालनात लांब टेबलावर बदामाच्या लगद्याने मढवलेला पांढरा केक होता. शेजारी कॉफीचे दोन थर्मास. बावीस बायका खुर्च्यांत अशा बसल्या होत्या जशा दाताच्या दवाखान्यात बसतात. कुणी केकला हात लावत नव्हतं. लावणार कशी? मोठा तुकडा घेतला तर बाकीच्या कमरेकडे बघणार.

"खावा की," दोर्देई म्हणाली. "का गुलाबाचा काटा टोचला?"

हिल्दुरला तेवढंच पाहिजे होतं. "टोचनारच! माझा गडी तीन दिस झालं ईचारतोय, तू चाळिसातली का तिसातली. ह्या बाईनं आभार मानलं का पंचनामा केला?"

"व्हय की!" आणखी दोघी-तिघी म्हणाल्या. योरुन दाराजवळ टेप मुठीत धरून उभी होती. जमीन दुभंगेल तर बरं, असं तिला वाटत होतं. पण चर्चच्या दालनाची जमीन पक्की ओकची आहे.

दोर्देईने काठी जमिनीवर आपटली. "चाळीस हे खोटं हाय."

बायकांनी सुस्कारे सोडले. हिल्दुरने योरुनकडे जिंकल्यासारखं बघितलं.

"त्रेसष्ट," दोर्देई म्हणाली.

मग बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आधी तोंडाकडे, मग हळूच कमरेकडे. जिच्या तिच्या मनात एकच, की बाई गं, ही पण? तीसुद्धा? पाद्रीबाईला आधी हसू फुटलं. तिने ते खोकल्यात दडपायला बघितलं, नाकातून कॉफी आली, आणि मग काही इलाज राहिला नाही. सगळ्या हसत सुटल्या.

"म्हंजे उरल्या सात," हिल्दुर डोळे पुसत म्हणाली. तिचा आवाज आता बदलला होता. "ह्या सात कोन गं?"

"त्या आन्ने-लिस्बेतकडं जात्यात," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पुन्हा उसळला. आता वाईट दिवस कुणाचे होते तर ज्या मागच्या दाराने गेल्या नव्हत्या त्यांचे. आकडा थोरला झाला की त्यात नाव हरवतं, हे गणित योरुनला तिथे उभ्या उभ्या कळलं. अकरा हिवाळ्यांत दोर्देईने ते कधी शिकवलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

पण दोर्देईचं अजून आटपलं नव्हतं. तिने पिशवीतून आपला बुनाड काढला आणि ब्लाउजावर बंडी चढवली. पोटावर हूक आणि कडी एकमेकांकडे लांबून बघत राहिली.

"योरुन. टेप काड."

"हितं?"

"मग काय फेरीवर?"

योरुन पुढे झाली. तिने दोर्देईच्या पाठीमागून टेप फिरवला, पुढे आणला, अंगठ्याने आकडा दाबून धरला. बावीस माना पुढे आल्या. दोर्देईच्या पोटाचा आकडा! ती बाई साठ वर्षं गावाची मापं घेत आली होती आणि तिचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं.

"किती गं?" हिल्दुरने विचारलं.

"सांग की," दोर्देई म्हणाली. ती समोर बघत होती, तोंडावरची रेषही हलली नाही. "आकडं सांगायची लई हौस हाय तुला. पेपरात सांगितलास, हितं बी सांग."

योरुनने आकड्याकडे एकदा बघितलं. मग टेप सोडला, बोटाभोवती गुंडाळला, गुंडाळून खिशात टाकला.

"कपाटात आखडलाय," ती म्हणाली.

दोर्देईने खाली बघून बंडी उतरवली, घडी घातली, पिशवीत ठेवली. मग सुरी उचलून केकचा पहिला तुकडा कापला, चांगला चार बोटं रुंद, आणि बशी योरुनच्या हातात दिली.

"वाईट न्हाई," ती म्हणाली. "भाईर पाऊस लागलाय जनू."

गाणं त्या दिवशी झालंच नाही. निघताना दोर्देईने केकचा पत्र्याचा डबा योरुनच्या काखेत दिला. "धुवून आन. घाई न्हाई."

घरी येऊन योरुनने डबा सिंकमध्ये ठेवला तर तो जड लागला. झाकण काढलं. आत कागदी जाळीखाली, केकच्या चुऱ्यात, निळी वही होती.

"काय हाय त्यात?" स्वेर्रेने वर्तमानपत्राआडून विचारलं.

योरुनने फक्त स्वतःचं पान काढलं. तिथे तिची तीन मापं होती. दुसऱ्या मापासमोर दोर्देईच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "श्वास धरून उभी राहते. खरं माप दोन बोटं जास्त." तिने वही मिटली.

"काय न्हाई," ती म्हणाली. "शिवनाचं हाय."

"माझ्या आईचं पान हाय का?"

"स्वेर्रे, उद्या रजा टाक. दुकानाच्या मागच्या भिंतीला दार पाडायचंय."

"पुढं एवढं काचेचं दार हाय की! तिरिल म्हनत होती, दुकान दिसाय पायजे..."

"दुकान दिसू दे. बाया दिसाय नगंत."

स्वेर्रे अख्खा बुधवार भिंत फोडत होता. गुरुवारी पेपर आला आणि शेवटच्या पानावर गुलाबाच्या चित्राखाली एवढंच होतं: "योरुन हेल्ले हिला. कशाबद्दल, ते तिला ठाऊक आहे. बाकीच्यांना कळायचं कारण नाही. दोर्देई होल्मे." म्हणजे आता केक आणायची पाळी योरुनची.

तिरिलने पेपरच्या त्या पानाचा फोटो पाहिला आणि ओस्लोहून ओरडली, "बघ! म्हटलं नव्हतं? जाहीर आभार! जुळलं की नाही नातं?"

"जुळलं बाई," योरुन म्हणाली. "पर तू पुढच्या येळी आकडा दे म्हनू नगंस."

फोन चालू असतानाच मागच्या नव्या दारावर थाप पडली. चौकटीला अजून रंग लागायचा होता, उंबऱ्यावर विटांची भुकटी होती. दारात हिल्दुर उभी होती, हातात मोठी फुगलेली पिशवी, पिशवीच्या तोंडाशी अंड्यांचा एक खोका, आणि खोक्याखालून काळ्या लोकरीचं टोक डोकावत होतं.

"अंडी आनलीत," हिल्दुर म्हणाली.

"ये आत," योरुन म्हणाली, आणि दार लावून घेतलं.